एका 'नि'ची गोष्ट

आमच्या स्वयंपाकघरात दोनच प्रकारचे डबे असतात. आईच्या ओळखीचे आणि फेकून द्यायचे. त्यामुळे जूनमधल्या एका शनिवारी मी ओट्यावर एक पांढराशुभ्र, काळ्या झाकणाचा डबा ठेवला, तेव्हा त्याचं भवितव्य मला माहीत होतं.

"हे काय आणलंयस?"

"क्रिएटिन," मी म्हटलं.

आईने हातातली पळी खाली ठेवली. "क्रिएटिनिन?"

"नाही गं आई, क्रिएटिन. शेवटचा 'नि' नाहीये त्यात."

आता तुम्हाला हा जोक वाटेल. पण आमच्या घरात त्या 'नि'वाल्या शब्दाला हळू आवाजात बोलायची पद्धत आहे. माझे मोठे काका चार वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. काकू फोनवर आईला आकडा सांगायची. साडेसहा, सात पॉइंट दोन... क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. फक्त यातला स्कोअर वाढावा असं कुणालाच वाटत नसे. काका गेले, त्याला आता सहा वर्षं झाली. तो शब्द मात्र घरातच राहिला.

तर अशा घरात मी विकतची पावडर आणली होती, आणि तिचं नाव त्या शब्दापेक्षा एका अक्षराने कमी होतं. डबा फेकला गेला नाही, हेच नवल. आई एवढंच म्हणाली, "बघ बाई, शिकलेली आहेस."

हे वाक्य ऐकलं की समजायचं, की आपण नीट शिकलेलो नाही.

आता थोडं मागे जाते. दीड वर्ष झालं मी जिमला जाते. कार्डिओवाल्यांच्या रांगेतून सुटून वजनं उचलायला लागले, कारण लॅपटॉपपुढे बसून बसून पाठीचे बारा वाजले होते. स्क्वॉट ४० किलोवर आले आणि तिथेच अडकले. आठ रेप्स, नववा नाही म्हणजे नाही. जिमचा ट्रेनर म्हणाला, "मॅडम, क्रिएटिन चालू करा ना! मी देतो आणून." आणि त्याने ड्रॉवरमधून एक पारदर्शक झिपलॉकची पिशवी काढली. आत पांढरी पावडर. लेबल नाही, बॅच नंबर नाही, काहीच नाही. 'ओरिजिनल आहे, फक्त लूज आहे' म्हणे! अहो, लूज आपण वाटाणे घेतो. मी हसून विषय बदलला आणि घरी येऊन वाचायला बसले. मास कॉममध्ये एवढं एक मात्र नीट शिकवलं होतं. जो विकतोय, त्याला माहितीचा सोर्स समजायचं नाही.

वाचलं ते सॉलिड इंटरेस्टिंग होतं. क्रिएटिन ही कुठल्या लॅबमधली नवी भानगड नाही. मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच केमिस्टने १८३२ साली ते मांसातून वेगळं काढलं आणि मांसाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. आपलं शरीर स्वतःच रोज साधारण एक ग्रॅम बनवतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं स्नायूंमध्ये साठवतं. काम काय? तर पॉवरबँकचं. जड वजन उचलताना किंवा सुटणाऱ्या लोकलमागे धावताना स्नायूंची मूळ बॅटरी, म्हणजे एटीपी, काही सेकंदांत उतरते. तेव्हा क्रिएटिन ती पटकन चार्ज करून देतं. हा खेळ पहिल्या दहाएक सेकंदांचा. म्हणजे मॅरेथॉनवाल्यांना याचा फारसा उपयोग नाही आणि माझ्या अडलेल्या नवव्या रेपला भरपूर आहे.

खेळाडूंमध्ये ते गाजलं १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकनंतर. १०० मीटरचा विजेता लिनफर्ड ख्रिस्ती क्रिएटिन घ्यायचा, अशा बातम्या आल्या आणि पावडरीचे डबे दुकानांत झळकले. 'म्हणजे स्टेरॉइडच ना?' असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी: नाही. 'वाडा'च्या बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीतही ते नाही.

आणि आमच्यासारख्या वरण-भातवाल्यांसाठी खास बातमी. बाहेरून क्रिएटिन मिळतं ते मुख्यतः मांस-मच्छीतून, तेही कच्च्या किलोमागे चार-पाच ग्रॅम. म्हणजे तीन ग्रॅमसाठी रोज अर्धा-पाऊण किलो बांगडे हवेत. माझी मालवणची मैत्रीण म्हणाली, "चालेल की!" तिचं ठीक आहे. शाकाहारी लोकांच्या स्नायूंमध्ये मुळात साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त दिसण्याची शक्यता असते. डब्यातली पावडर मात्र केमिकल कारखान्यात बनते, प्राण्यापासून काढलेली नसते. त्यामुळे डब्यावर हिरवा ठिपका असतो. आईला तो आधी दाखवला.

मग निघाले खरेदीला. सप्लिमेंटच्या दुकानात कधी गेलाय तुम्ही? पेंटच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. दहा-दहा किलोचे डबे, त्यावर फुगलेले दंड आणि नावं अशी की, जणू युद्धाला निघालोय. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "भावासाठी का, मॅडम?"

"माझ्यासाठी."

"अच्छा अच्छा, मग लेडीजवालं दाखवतो."

लेडीजवालं म्हणजे गुलाबी डबा. आत ३० पुड्या, किंमत ९००. मागे वाचलं तर एका पुडीत क्रिएटिन दीड ग्रॅम आणि बाकी कोलॅजेन, बायोटिन, स्ट्रॉबेरीचा वास. म्हणजे रोज ३० रुपये मोजून निम्माच डोस, वर रंग फुकट! अहो, स्नायूला काय कळतंय तो बाईचा आहे की बाप्याचा?

मग त्याने 'एचसीएल' काढलं. "हे लेटेस्ट आहे मॅडम, पोटाला हलकं, पाणी धरत नाही." मग 'बफर्ड'. मग 'इथाइल एस्टर'. प्रत्येक डबा आधीच्यापेक्षा महाग आणि प्रत्येकाचा दावा एकच, की साध्या मोनोहायड्रेटपेक्षा हे भारी. इथे माझा आदल्या रात्रीचा अभ्यास कामी आला. इथाइल एस्टरची २००९ साली चाचणी झाली, तेव्हा ते साध्यापेक्षा कमी पडलं. स्नायूत जाण्याऐवजी त्याचा बराच भाग क्रिएटिनिन होऊन बसत होता. (हो, तोच 'नि'वाला.) बफर्डची २०१२ साली झाली, त्यातही काही जास्तीचा फायदा दिसला नाही. एचसीएल पाण्यात झटकन विरघळतं, हे खरं. पण स्नायू त्याने जास्त वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही. मोनोहायड्रेटवर मात्र तीस-एक वर्षांचं संशोधन आहे. या खरेदीचा फंडा असा उलटा आहे. दुकानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोअरिंग डबा घ्यायचा.

त्यातही पारखून घ्यावं लागतं. मागची 'इन्ग्रेडियंट्स'ची ओळ वाचा. तिथे एकच नाव हवं: क्रिएटिन मोनोहायड्रेट. 'मायक्रोनाइज्ड' लिहिलं असेल तर दाणा बारीक असतो, तळाशी वाळूसारखा बसत नाही, बस्स एवढंच. फ्लेवरवाल्यांत सर्व्हिंगचं वजन आणि क्रिएटिनचं वजन यांत फरक असतो, तो बघा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं लिहून आत काय किती ते सांगितलं नसेल, तर डबा परत फळीवर. एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' ही ओळ हवी. झाकणाखालचं सील स्वतः तपासा. बॅचचा लॅब रिपोर्ट कंपनी देत असेल तर उत्तम. जे स्पर्धा खेळतात आणि ज्यांची डोप टेस्ट होऊ शकते, त्यांनी 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारख्या बाहेरच्या संस्थेचा शिक्का शोधावा. क्रिएटिनवर बंदी नाही, पण त्याच कारखान्यात दुसरं काही मिसळलं गेलं असेल तर पंचाईत तुमची होते. 'क्रिएप्युअर' हे नाव दिसलं, तर तो जर्मनीत बनलेला कच्चा माल. चांगला आहे, पण त्याचे जास्त पैसे लागतात. बजेट बघून ठरवा.

आणि गमीज? त्या मी गोळ्या-बिस्किटांच्या खात्यात धरते. तीन ग्रॅमसाठी मूठभर चघळायच्या, सोबत साखर. शिवाय ओलाव्यात आणि आंबटपणात क्रिएटिन हळूहळू बिघडतं. म्हणूनच पावडर लिंबू-सरबतात कालवून रात्रभर ठेवायची नाही. कालवलं की प्यायचं.

मी घेतला २५० ग्रॅमचा साधा, बिनवासाचा डबा, ७०० रुपयांचा. रोज तीन ग्रॅम म्हणजे ८३ दिवस. दिवसाला साडेआठ रुपये, कटिंगपेक्षा कमी! काउंटरवरच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी जाम खूश. शिकलेली मुलगी!

इथपर्यंत सगळं बरोबर केलं. माती खाल्ली ती पुढे.

ट्रेनर म्हणाला होता, "लोडिंग करायचं मॅडम, पाच-सहा दिवस २० ग्रॅम. नाहीतर चढतच नाही." २० ग्रॅमचं लोडिंग ही त्याच्या मनातली कल्पना नव्हे, संशोधनातूनच आलेली आहे. लवकर साठा भरायचा असेल तर ते चालतं. पण १९९६ सालच्या एका स्वीडिश प्रयोगात रोज तीन ग्रॅम २८ दिवस दिले, तरी साठा तेवढाच भरला होता. म्हणजे प्रश्न फक्त तीन आठवडे थांबण्याचा. हे मी वाचलं होतं बरं का. पण थांबायला कोणाला आवडतं? मी सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, पाच-पाच ग्रॅम पाण्यातून घेतले. पोट डब्ब. पाच दिवसांत वजन सव्वा किलोने वाढलं. (ते स्नायूत शिरलेलं पाणी. चरबी नाही आणि मसलही नाही. आरशासमोर पोझ द्यायची घाई करू नका.)

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता दारात रक्त घ्यायला माणूस उभा. फ्रीलान्सर असल्यामुळे मला ऑफिसचं कव्हर नाही, म्हणून टर्म इन्शुरन्ससाठी अर्ज केला होता. त्याची ही मेडिकल. आदल्या संध्याकाळी जिममध्ये लेग डे झालेला. फॉर्मवर प्रश्न होता, 'काही औषधं घेता का?' मी लिहिलं, 'नाही'. पावडर म्हणजे औषध थोडंच! डब्यावरच लिहिलंय की, नॉट फॉर मेडिसिनल यूज.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.२, शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. मागच्या वर्षी ते ०.९ होतं. खाली किडनीच्या कामाचा अंदाज सांगणारा आकडा, ईजीएफआर. मागच्या वेळी ८९ होता, आता ६३. नेटवर बघितलं तर ६० च्या खाली तीन महिने राहिला की क्रॉनिक किडनी डिसीज. आठवडाभरात कंपनीचं पत्र. अर्ज तूर्त पुढे ढकलला आहे, तीन महिन्यांनी पुन्हा या.

मी पत्र आईपासून लपवलं. पण प्रिंटआउट लपवायला विसरले. संध्याकाळी घरी आले तर आई डायनिंग टेबलावर बसली होती, समोर रिपोर्ट, चष्मा काढून ठेवलेला. ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मोठ्या भावजींचं पण असंच सुरू झालं होतं. एक पॉइंट दोनवरूनच."

तो पांढरा डबा मी त्या रात्री स्वतःच कपाटात आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे. त्यांनी रिपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दंडाकडे. "काय गं, जिमला जातेस का? पावडर-बिवडर काही घेतेस?"

मी सगळं सांगितलं. डोस ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्याच लेखात एवढं स्वच्छ मिळालं नव्हतं. म्हणाले, "क्रिएटिनिन म्हणजे क्रिएटिनचा कचरा. शरीरातल्या क्रिएटिनपैकी थोडं रोज आपोआप क्रिएटिनिन होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. आम्ही काय करतो, सोसायटीच्या गेटवर कचरा किती साचलाय ते बघून ठरवतो की, सफाईवाला कामावर येतो की नाही. एरवी हे बरोबर असतं. पण गणपतीत? सफाईवाला रोज येतोय, कचराच दुप्पट आहे. तू गणपतीत मोजायला लावलंस. वर आदल्या दिवशी व्यायामाचा दणका. त्यानेही आकडा थोडा चढतो."

"म्हणजे किडनी ठीक आहे?"

"ते मी म्हटलं नाही. कचरा जास्त आहे की सफाईवाला आजारी आहे, हे या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून दुसरी टेस्ट करू."

मला हे आवडलं. 'काही नाही गं, टेन्शन नको' म्हणून त्यांनी वाटेला लावलं नाही. लघवीत प्रोटीन जातंय का ते बघितलं, बीपी बघितलं, शुगर बघितली आणि 'सिस्टॅटिन सी' नावाची रक्ताची टेस्ट लिहून दिली. हे प्रोटीन शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशी बनवतात. तुमचे दंड केवढे आणि तुम्ही कुठली पावडर खाता, याच्याशी त्याचा तसा संबंध नाही. पावडर बंद आणि महिनाभराने क्रिएटिनिन परत.

सिस्टॅटिन सी नॉर्मल. लघवी स्वच्छ. महिन्याने क्रिएटिनिन ०.९.

ते चार आठवडे मात्र मी विसरणार नाही. रात्री दोनला उठून ईजीएफआरचा कॅल्क्युलेटर उघडायचे. आकडा तोच, पण पुन्हा टाकून बघायचे. आई पाण्याची बाटली भरून बॅगेत ठेवायची, काही न बोलता.

निरोगी माणसाने नेहमीच्या डोसमध्ये क्रिएटिन घेतलं तर किडनी खराब होत नाही, हे इतक्या वर्षांच्या अभ्यासांमधून दिसलेलं आहे. पण त्यात 'निरोगी' हा शब्द आहे आणि आपण निरोगी आहोत असं आपण गृहीतच धरतो. डॉक्टर म्हणाले, डबा विकत घेण्याआधी एक साधी टेस्ट करून घेतली असतीस, तर आज तुलना करायला स्वतःचा ताजा आकडा असता. माझ्याकडे निदान मागच्या वर्षीचा होता. तो नसता तर? ज्यांना किडनीचा त्रास आहे, बीपी किंवा डायबेटिस आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी स्वतःच्या मनाने हा डबा उघडूच नये. आणि कुठल्याही फॉर्मवर, कुठल्याही लॅबमध्ये सप्लिमेंटचं नाव लिहायचं. विचारलं नाही तरी.

पुन्हा सुरू केलं का? केलं. डॉक्टरांना विचारून, रोज तीन ग्रॅम, दुपारच्या जेवणानंतर पाण्यातून. सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, त्याने फार फरक पडत नाही, रोज घेण्याने पडतो. साधारण पाचव्या आठवड्यात नववा रेप आला. मग दहावा. आता ४५ किलोवर आठ होतात. पण 'रिकव्हरी' म्हणून जे जाहिरातीत सांगतात, त्याबद्दल माझं मत जरा थंड आहे. अभ्यासांत स्नायूंची झीज काही वेळा कमी दिसते, काही वेळा नाही दिसत. लेग डेच्या दुसऱ्या दिवशी मी आजही जिना उतरताना कठडा धरूनच उतरते. त्यावर जे काय औषध आहे ते झोप, आणि पोटात पुरेशी डाळ-पनीर. रात्री एकपर्यंत सिरीज बघून सकाळी पावडर ढवळणाऱ्यांनी पैसे वाचवावेत.

हो, आणि केस! हा प्रश्न मला प्रत्येक मित्र विचारतो, टोपी सावरत. २००९ साली दक्षिण आफ्रिकेत काही तरुण रग्बी खेळाडूंमध्ये क्रिएटिननंतर डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं. केस गळाले का, हे तिथे कोणी मोजलंच नव्हतं. तेवढ्यावर पंधरा वर्षं अफवा चालली. २०२५ मध्ये १२ आठवड्यांच्या एका चाचणीत हार्मोनही मोजलं, केसही बघितले. फरक नाही. तेव्हा मित्रांनो, कपाळ मोठं होतंय ते वडिलांकडून आलंय.

वडिलांवरून आठवलं. आमचे बाबा ६१ वर्षांचे, सकाळचा वॉक कधी न चुकवणारे. परवा त्यांनी कुठेसं वाचलं की, वयस्कर लोकांनी व्यायामासोबत क्रिएटिन घेतलं तर ताकद टिकायला मदत होते. ते खरंही आहे. लगेच चमचा घेऊन आले. "अगं, मला पण दे की जरा."

"बाबा, तुम्हाला शुगर आहे. आधी डॉक्टरांना विचारायचं."

"तू घेताना विचारलं होतंस?"

काय बोलणार! पुढच्या गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, दोघांची.

इन्शुरन्सचा अर्ज पुन्हा भरलाय. या वेळी 'इतर माहिती'च्या रकान्यात सिस्टॅटिन सीचा रिपोर्ट जोडला आणि डोससकट सगळं लिहिलं. उत्तर अजून यायचंय. आणि डबा? तो आता कपाटातून बाहेर आलाय, साबुदाणा आणि वरीच्या तांदळाच्या मध्ये बसलाय. त्यावर आईने पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलंय, 'क्रिएटिन (नि नाही)'. काल मी ग्लासात चमचा ढवळत होते, तर तिने मागून विचारलं,

"आज एकादशी आहे. हे उपासाला चालतं का गं?"